नंबर कसा लागतो?

जून-जुलैत बारामतीतल्या किंवा इंदापुरातल्या कुठल्याही सायबर कॅफेत थोडा वेळ उभं राहिलं की इंजिनीअरिंग प्रवेशाचा एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "पुण्याचं सीओईपी वर टाकलं आणि नाही लागलं, तर बारामतीचंही हातचं जाईल का?" विचारणारे बहुधा वडील असतात. शेजारी नुकतीच सीईटीचा निकाल लागलेली मुलगी गेल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ वरखाली सरकवत बसलेली असते. कॅफेवाला दरवर्षी कॉलेजांच्या पसंतीक्रमाचे शेकडो ऑप्शन फॉर्म भरतो, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पुष्कळदा तो सांगतो, "कशाला रिस्क? मिळण्यासारखंच वर टाका."

मला गंमत वाटते ती ही, की या प्रश्नाला ठाम उत्तर आहे आणि ते गणिताने सिद्ध झालेलं आहे. उत्तर असं : नाही, जाणार नाही. एका फेरीपुरतं बोलायचं तर अशक्य वाटणारं कॉलेज वर टाकल्याने खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

या उत्तराचं मूळ 1962 सालात आहे. त्या वर्षी बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं आणि तालुक्यातल्या मुलांना पदवीसाठी पुणं गाठण्याची सक्ती उरली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता कॉलेजप्रवेश आणि लग्नं टिकण्याचा प्रश्न! अवघी सात पानं, आणि त्यात समीकरणं जवळजवळ नाहीतच. प्रत्येक मुलाची कॉलेजांची आवड वेगळी, प्रत्येक कॉलेजची मुलांची उतरंड वेगळी. मग सगळ्यांची वाटणी अशी कशी करायची की नंतर कुणी मुलगा आणि कुणी कॉलेज एकमेकांकडे बघून "आपलंच जमलं असतं तर बरं झालं असतं" असं म्हणू शकणार नाही? अशी वाटणी नेहमीच करता येते, हे त्यांनी साध्या वाक्यांत सिद्ध केलं. पन्नास वर्षांनी, 2012 मध्ये, शॅपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आल्विन रॉथ यांच्याबरोबर. गेल तोवर वारले होते.

त्यांची रीत अशी. प्रत्येक मुलगा आधी आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. कॉलेज आपल्या क्षमतेएवढी वरची मुलं धरून ठेवतं, पण तात्पुरतीच, आणि बाकीच्यांना नकार देतं. नकार मिळालेला मुलगा दुसऱ्या पसंतीकडे जातो. तिथे तो आधी धरून ठेवलेल्या कुणापेक्षा वरचा निघाला तर जागा त्याला मिळते आणि त्या दुसऱ्याला बाहेर पडावं लागतं. खरी किमया त्या 'तात्पुरतं' शब्दात आहे. उशिरा आला म्हणून इथे कुणाचं नुकसान होत नाही. पहिल्या दारावर नकार खाऊन दुसऱ्या दारावर पोचलेल्या मुलाला तिथे तोच मान मिळतो, जो त्याने ते दार पहिलं ठोठावलं असतं तर मिळाला असता.

महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग प्रवेशात, म्हणजे कॅप राऊंडमध्ये, सगळ्या कॉलेजांसाठी गुणवत्ता यादी मूलतः एकच असते. त्यामुळे ही रीत आणखी सोपी होऊन बसते. संगणक यादीच्या टोकापासून सुरुवात करतो. पहिल्या मुलाला त्याच्या यादीतली सर्वांत वरची मोकळी जागा देतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आपल्याकडे कारखान्याची ऊसतोड अशीच चालायला हवी असते : लागवडीची नोंद ज्या तारखेची, त्या क्रमाने टोळी येणार, आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग सुरू. प्रत्यक्षात टोळी कुणाच्या फडात आधी शिरते हे भवानीनगरपासून माळेगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. संगणकाला मात्र मुकादम नाही.

समजा लासुर्ण्याच्या एका मुलीने पहिल्या ओळीत सीओईपीचं कॉम्प्युटर टाकलं, नवव्या ओळीत विद्या प्रतिष्ठानचं कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालय. तिची पाळी येईपर्यंत वरच्या आठ जागा भरून गेल्या असतील, तर संगणक नवव्या ओळीवर येतो. त्या वेळी बारामतीत जागा मोकळी असेल तर तिला मिळते. ती जागा तिने पहिल्या ओळीत लिहिली होती की नवव्या, हे तिथे कुणी विचारतच नाही. तिच्या मागे असलेल्या सुप्याच्या मुलाने बारामती पहिल्या ओळीत लिहिलं असलं, तरी तो तिच्या पुढे जाऊ शकत नाही.

मग ती भीती आली कुठून? वेडगळपणातून नक्कीच नाही. जगात अशी पद्धत होती, जिथे ही भीती शंभर टक्के खरी होती. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळाप्रवेशासाठी आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या तपासत, तेवढ्या जागा कायमच्या भरून टाकत, आणि मगच दुसऱ्या पसंतीकडे वळत. तिथे पहिली पसंती हुकली की दुसऱ्या पसंतीची चांगली शाळा आधीच भरलेली असायची. जाणते पालक त्यामुळे मनातली शाळा लपवून मिळण्यासारखी शाळा वर लिहीत, आणि भोळे पालक खरं लिहून फसत. 2005 मध्ये बॉस्टनने ती पद्धत मोडीत काढली आणि गेल-शॅपलींची स्वीकारली. आपला कॅफेवाला नकळत बॉस्टनचा जुना नियम सांगत असतो.

एक पथ्य मात्र आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. पहिली पसंती मिळाली की तो प्रवेश आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. 2025 पासून पुढच्या फेऱ्यांतही वरच्या काही पसंत्यांपैकी एक मिळाली तर ती घ्यावीच लागते. म्हणजे वरच्या ओळींत 'बघू तर खरं' म्हणून काही लिहायचं नाही. जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत नको, आणि जिथे जायचंय ते मनातल्याच क्रमाने हवं. अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. बहुतेक मुलं पंधरा-वीस भरून थांबतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

आता त्या गुणवत्ता यादीकडे वळू. ज्या पर्सेंटाइलवर ती उभी आहे, त्याबद्दल घराघरांत एक गोड गैरसमज आहे : 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के. पर्सेंटाइलचा गुणांशी थेट संबंधच नाही, ते माणसं मोजतं. सीईटी एकाच दिवशी सगळ्यांची होत नाही. अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत ती चालते, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखाद्या सत्रात गणित अवघड निघालं तर त्या मुलांवर अन्याय नको, म्हणून हिशेब सत्रापुरता करतात : तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे तुमच्या सत्रात किती, भागिले सत्रातली एकूण मुलं, गुणिले शंभर. सत्रात वीस हजार मुलं असतील आणि त्यांतली एकोणीस हजार तुमच्या बरोबरीला किंवा मागे असतील, तर तुम्ही 95. प्रत्येक सत्रातला पहिला मुलगा बरोबर 100, मग त्याला 200 पैकी कितीही गुण असोत.

हे चालतं, कारण कोणतं सत्र कुणाला मिळणार हे निवडण्याची सोय नसते. हजारो मुलं अशी विखुरली की प्रत्येक सत्रातली हुशारीची सरासरी जवळपास सारखी पडते, आणि फरक राहतो तो फक्त पेपरचा. मग त्या आकड्याला दशांशचिन्हापुढे सात घरं देतात, कारण समजा चार लाख मुलं असतील तर एका पर्सेंटाइलमध्येच चार हजार जण उभे असतात. एवढं करूनही दोघं जुळलेच, तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात. बारावीच्या बोर्डाच्या गुणांचं काम या सगळ्यात दारवानाचं : भौतिक, रसायन, गणितात मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40, की आत.

इतकं स्वच्छ गणित, पण बारावीच्या वर्षात खरा घाम त्यात जात नाही. तो कागदांत जातो. आणि मला विचाराल तर खरं आश्चर्य तिथेच दडलेलं आहे.

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी कुटुंबाचं त्या जातीचं असणं एका ठरावीक तारखेच्या आधीच्या कागदाने दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फायलीत तिच्या आजोबांचा, कधी पणजोबांचा पुरावा हवा. तोही वडिलांच्या बाजूचा. मग शोध सुरू होतो : जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर, त्यातला शेवाळी शाईतला 'जात' हा रकाना; जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14; कोतवाल बुक. नोंद जुनी असेल तर ती मोडीत, आणि मोडी वाचणारा माणूस शोधणं हे आणखी एक काम. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी धुंडाळायला घेतल्या, तेव्हा तर कपाटात पडलेली ही दप्तरं घरोघरच्या बोलण्यात आली.

धनगर वस्त्यांवरची मेंढरं घेऊन फिरणारी माणसं 1961 च्या आधी कुठल्या शाळेत नाव घालणार होती? इंदापूरच्या उत्तर अंगाला आणखी एक गुंता आहे. उजनी धरण 1980 च्या सुमारास पूर्ण झालं आणि भीमाकाठची जुनी गावठाणं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी आटलं की वर दिसतं. पण वर दिलेल्या सगळ्या तारखा धरणाच्या आधीच्या आहेत, त्यामुळे नातीच्या प्रवेशाचा पुरावा बुडालेल्या गावाच्या नावाने शोधावा लागतो. सीईटीचा अभ्यास वर्षभर चालतो तसाच हाही शोध वर्षभर चालायला हवा. वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो, आणि वडिलांकडच्या चुलत्याची किंवा आत्याची वैधता आधीच झालेली असेल तर अर्धं ओझं उतरतं. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याचं उलट : तो नवा, चालू मुदतीतला लागतो, आणि 31 मार्च ही त्याच्या आयुष्यातली फार महत्त्वाची तारीख. मुलींनी एक कागद विसरू नये, उत्पन्नाचा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, प्रवेश कॅपमधून झाला असेल तर.

भूगोलही फॉर्ममध्ये शिरतो. अनेक वर्षं कॉलेजांच्या जागांत 70 टक्के गृहविद्यापीठाच्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना अशी वाटणी चालत आली. बारावी कुठे झाली त्यावर गृहविद्यापीठ ठरायचं. इंदापुरात झाली तर पुणे विद्यापीठ, आणि नीरा ओलांडून अकलूजला झाली तर 2004 पासून सोलापूर. दोन्ही तीरांवर ऊस सारखाच, बोलीही बहुतेक तीच, आणि पुण्यातल्या एकाच जागेसाठी रांगा दोन.

या सगळ्या यंत्राला शेवटचा झटका बसतो तो फेऱ्यांच्या वेळी, कारण कॅप एकटं चालत नाही. आयआयटी-एनआयटीचं प्रवेशवाटप जवळपास त्याच हंगामात चालू असतं. ते 2015 पासून एकत्र होतं आणि त्याच्या मुळाशी गेल-शॅपलींचीच रीत आहे. समजा नागपूरच्या कुणाला पहिल्या फेरीत सीओईपी लागलं होतं आणि मागाहून पवईची आयआयटी मिळाली. तो सीओईपी सोडतो. ती जागा साताऱ्याच्या मुलीला जाते, तिची पुण्यातली जुनी जागा लासुर्ण्याच्या मुलीला, लासुर्ण्याच्या मुलीची बारामतीतली जागा सुप्याच्या मुलाला, आणि त्याने सोडलेली वणगळीच्या अभियांत्रिकी कॉलेजमधली जागा बावड्याच्या कुणाला तरी. पवईतल्या एका निर्णयाने पाच घरांचं वेळापत्रक हललं, आणि त्या पाच जणांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही.

ही साखळी थांबते कुठे? जिथे रिकामी झालेली जागा यादीतल्या उरलेल्या कुणीच आपल्या ऑप्शन फॉर्ममध्ये लिहिलेली नसते तिथे. कधी ती जागा कुणाला नको असते म्हणून, आणि कधी एखाद्याने पंधरा ओळी भरून हात आखडता घेतला म्हणून. मग ती संस्थास्तरीय फेरीत जाते, आणि तिच्यासाठी कॉलेजच्या दारात पुन्हा अर्ज घेऊन उभं राहावं लागतं.