रुळांवरील सॉफ्टवेअरची झीज

नांदेडवरून जाणारा मनमाड-मुदखेड मार्ग आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर व लातूर रोड ही स्थानके ज्यावर आहेत तो बीदर-परळी-परभणी मार्ग, हे दोन्ही दक्षिण मध्य रेल्वेच्या त्या १,४६५ किलोमीटरच्या जाळ्यात येतात, जिथे ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी स्वयंचलित प्रणाली देशात सर्वप्रथम उभी राहिली. या प्रणालीत स्लीपरवरील रेडिओ टॅग इंजिनाला त्याचे ठिकाण कळवितात. स्थानकातील यंत्रणा इंटरलॉकिंगकडून, म्हणजे सिग्नल व सांधे परस्परविरोधी स्थितीत जाऊ न देणाऱ्या व्यवस्थेकडून, माहिती घेऊन गाडीला कुठवर मुभा आहे ते रेडिओवरून सांगते. आणि लोको पायलटने वेळीच ब्रेक लावला नाही, तर इंजिनातील संगणक तो लावतो. ‘कवच’ला लागू असलेल्या ‘एसआयएल-४’ या सर्वोच्च सुरक्षा श्रेणीत धोकादायक बिघाडाची शक्यता तासाला दहा कोटींत एकाहून कमी असावी लागते.

प्रणाली या कसोटीला एकदा उतरली म्हणून काम संपत नाही, कारण परभणी-मुदखेडसारख्या मार्गाचे दुहेरीकरण झाले की यार्डाचा नकाशाच पालटतो. म्हणून सर्व स्थानकांना समान असलेले तर्कनियम एका जागी आणि प्रत्येक स्थानकाची माहिती, म्हणजे टॅग, उतार, वेगमर्यादा, वेगळ्या जागी ठेवली जाते. घाईत एखाद्या स्थानकापुरती अट मूळ नियमांत घुसविली, तर ती त्या दिवशी निर्धोक ठरते. पण अशा अटी साचत गेल्या की कोणता बदल कुठवर पोहोचेल हे सांगता येत नाही आणि लहानशा दुरुस्तीसाठीही सगळेच पुन्हा तपासावे लागते. संगणकशास्त्रात याला रचनेची झीज म्हणतात.

त्यातच मेधा, एचबीएल आणि कर्नेक्स या वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलायची असल्याने, संदेशांचा करार कोणा एका कंपनीकडे न राहता लखनौच्या आरडीएसओ या रेल्वे संशोधन संस्थेच्या विनिर्देशात असतो. मार्च २०२२ मध्ये रेल्वेमंत्री बसलेले इंजिन समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर आपोआप थांबले, ‘कवच’च्या त्या चाचणीची चर्चा देशभर झाली. १६ जुलै २०२४ रोजी मंजूर झालेल्या ४.० आवृत्तीच्या विनिर्देशाची तेवढी झाली नाही, आणि खरे तर ती अधिक व्हायला हवी होती. याच जाळ्यावरील अनुभवातून आलेल्या त्या आवृत्तीत ठिकाणाची अचूकता व मोठ्या यार्डांतील सिग्नलची माहिती सुधारलीच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगशी थेट जोडणी आणि स्थानका-स्थानकांत ऑप्टिकल फायबरवरून संवाद, अशा दोन नव्या जोडण्याही आल्या. जोडणी बदलली की तिच्या दोन्ही टोकांचे सॉफ्टवेअर बदलते, त्यामुळे जुन्या आवृत्तीचे इंजिन नव्या आवृत्तीच्या स्थानकात शिरले तर कोणता संदेश ग्राह्य धरायचा, हे पहिले उपकरण बदलण्यापूर्वीच विनिर्देशात लिहिलेले असावे लागते.