भाड्याच्या घरातील ओल आणि बाथरूमचा झरोका

पावसाळा सरत आला की भाड्याच्या अनेक खोल्यांत सारखेच चित्र दिसते. बाथरूमलगतच्या भिंतीचे पोपडे सुटलेले, कपाटामागे काळे ठिपके, अंथरुणाला कुबट वास. घरमालक म्हणतो, "तुम्हीच पाणी फार सांडता." भाडेकरू गप्प बसतो. आडनाव विचारून खोली नाकारली जाते अशा शहरात दुसरी खोली शोधणे काय असते, हे त्याला ठाऊक असते. त्रास मात्र घरातल्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना होतो.

ते काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जातात. ओल व बुरशी असलेल्या घरांत खोकला, ॲलर्जी आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. ओलीमुळे क्षयरोग होतो हा समज मात्र खरा नाही. क्षयाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून पसरतात. कोंदट खोलीत ते हवेत अधिक वेळ राहतात, एवढाच त्याचा संबंध.

उपाय करण्याआधी ओल कुठून येते ते पाहावे. भिंत पुसून कोरडी करा, तिच्यावर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे: फुटका पाइप, वरच्या मजल्याची गळती किंवा बाहेरच्या भिंतीची भेग. ते काम मालकाचे. थेंब खोलीच्या बाजूला जमले, तर आंघोळीची, स्वयंपाकाची आणि आत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ बाहेर जात नाही असे समजावे.

ही वाफ जाण्याची वाट म्हणजे झरोका. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाथरूमची एक तरी भिंत बाहेरच्या हवेकडे असावी आणि खिडकी किंवा झरोक्याची उघडी जागा किमान ०.३७ चौरस मीटर, म्हणजे साधारण दोन फूट बाय दोन फूट असावी. प्रत्यक्षात झरोका डक्टमध्ये उघडतो. मग घाण वास, उंदीर आणि डास नकोत म्हणून आपण त्यावर पुठ्ठा ठोकतो. पुठ्ठ्याऐवजी बारीक जाळी लावावी. एक्झॉस्ट फॅन असेल तर आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. दाराखाली बोटभर फट नसेल तर फॅन नुसता फिरतो, कारण आत हवाच येत नाही.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर झरोका बंद करणे जिवावर बेतू शकते. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत गेलेला माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडतो. असा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. तोवर पाणी बादलीत भरून घ्यावे, गीझर बंद करावा आणि मगच दार लावून आंघोळ करावी.

बुरशीवर नुसता रंग मारू नये, ती वर येतेच. साबणाच्या पाण्याने, तोंडाला फडके बांधून पुसावी. ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

दुरुस्तीबाबत कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने नोटीस देऊनही पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांनी मात्र या कलमावर विसंबू नये. गळती, पाइप आणि बाथरूमच्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्यावे. खोली ताब्यात घेतानाच चारही भिंतींचे फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत. डिपॉझिट परत मागताना ते उपयोगी पडतात.