इतिहासाची पहिली पायरी : वाशीमच्या विद्यार्थ्यांसाठी पुरावे घराजवळच

वाशीम (प्रतिनिधी) - बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांत प्रवेशाची लगबग सुरू होते. या धावपळीत इतिहास हा विषय अनेकदा 'दुसरे काही मिळाले नाही म्हणून' घेतला जातो. सनावळ्या पाठ करायच्या, राजांची नावे लिहायची आणि उत्तीर्ण व्हायचे, एवढीच त्याची ओळख असते. पदवीच्या प्रथम वर्षाला इतिहासाचा जो परिचय करून दिला जातो, त्याचा हेतू मात्र वेगळा आहे. काय घडले यासोबतच ते आपल्याला कशावरून समजले, हा प्रश्न येथे प्रथमच विचारला जातो.

कोणाला घेता येतो?

जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. तीत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय असतो आणि एक खुला विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा निवडावा लागतो. त्यामुळे महाविद्यालयाने तशी सोय केली असल्यास वाणिज्य वा विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही इतिहासाची तोंडओळख करून घेता येते. अमेरिकेतील दोन वर्षांच्या 'कम्युनिटी कॉलेजां'त ही प्रथा जुनी आहे. तेथे पुढे परिचर्या किंवा अभियांत्रिकीकडे वळणारे विद्यार्थीही प्रारंभिक इतिहासाचे वर्ग करतात.

नोकरी किंवा शेती सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे. त्याची पाठ्यपुस्तके स्वयंअध्ययनासाठी मराठीत तयार केलेली असतात.

एका ताम्रपटाचा धडा

प्राचीन भारताच्या अभ्यासाची सुरुवात 'साधनां'पासून होते. नाणी, शिलालेख, ताम्रपट, ग्रंथ आणि उत्खननातील वस्तू ही ती साधने. वाशीमच्या विद्यार्थ्याला याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही.

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. परंतु अशी स्वतंत्र शाखा होती, हेच अभ्यासकांना दीर्घकाळ ठाऊक नव्हते. १९३९ साली वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. राजाच्या ३७व्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेली ही दानाची सनद आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिच्या आधारे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख पुन्हा तपासला. तेथे पूर्वी 'रुद्रसेन' असे वाचले गेलेले नाव वस्तुतः 'सर्वसेन' असल्याचे स्पष्ट झाले. हा सर्वसेन वत्सगुल्म शाखेचा संस्थापक. एका नावाचे वाचन सुधारले आणि विदर्भाच्या इतिहासात एका राजशाखेची भर पडली.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने शिकायचे ते हेच. पुरावा कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने लिहिला, हे पाहावे लागते. सनदेत राज्यवर्ष आहे, पण शक नाही. मग काळ ठरवायचा कसा? दान मिळालेल्यांची नावे आहेत, पण जमीन कसणाऱ्याचे काय? असे प्रश्न पडू लागले की पाठांतर आपोआप मागे पडते.

तलावापासून महसुलापर्यंत

वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथील शिलालेख देवसेन राजाच्या काळातील आहे. त्यात शक ३८०, म्हणजे इ.स. ४५८, असा स्पष्ट काळ असून 'सुदर्शन' नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे. पाण्याच्या प्रश्नाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात ही नोंद निव्वळ कुतूहलाची राहत नाही.

आधुनिक काळासाठीही सामग्री आहे. १८५३ च्या करारान्वये निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. त्या प्रांतातील वाशीम जिल्हा १९०५ साली मोडण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हा अस्तित्वात आला. जिल्हा का मोडतात व का घडवितात, हा राज्यकारभाराच्या इतिहासाचा उत्तम प्रश्न आहे. कारंजा येथील जैन हस्तलिखिते आणि पोहरादेवी येथील बंजारा समाजाची मौखिक परंपरा ही आणखी दोन साधने. लिखित व मौखिक पुराव्यांतील फरक त्यांवरून चांगला समजतो.

उपयोग काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. केवळ इतिहासाच्या पदवीवर नोकरी हमखास मिळेल, असे सांगणे फसवणूक ठरेल. मात्र राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची झाली असून मुद्देसूद लेखनाचे महत्त्व वाढले आहे. अध्यापन, पत्रकारिता, वकिली व पर्यटन या क्षेत्रांतही कागद पारखून वाचण्याची सवय कामी येते. भ्रमणध्वनीवर रोज येणाऱ्या ऐतिहासिक दाव्यांतील खरे-खोटे ओळखायलाही हीच सवय लागते.

प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. पहिल्या सत्रात नेमका कोणता पेपर आहे? क्षेत्रभेट किंवा प्रकल्प आहे काय? ग्रंथालयात मिराशी यांचे 'वाकाटक नृपती आणि त्यांचा काळ' व जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर पाहावयास मिळेल काय? या उत्तरांवरून तेथे इतिहास शिकविला जातो की केवळ पाठ करून घेतला जातो, याचा अंदाज येऊ शकेल.