मनगट तयार होत असतं तेव्हा

तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, फोटो नीट आलेला नाही. हाताची लांब हाडं दिसतात, बोटांची दिसतात. पण मोठ्या माणसाच्या मनगटात जिथे आठ छोटी हाडं दाटीवाटीनं बसलेली असतात, तिथे दोन-तीन ठिपके आणि बाकी सगळं रिकामं. खरं तर ते रिकामं नसतं. तिथे कूर्चा असते, मऊ, एक्स-रेला न दिसणारी, आणि तिचं हाड अजून व्हायचं असतं. जन्माच्या वेळी या आठांपैकी बहुधा एकही हाड झालेलं नसतं. पहिली दोन पहिल्या काही महिन्यांत होतात, तिसरं दोन-तीन वर्षांच्या सुमाराला, चौथं चार वर्षांच्या आसपास, त्यानंतरची तीन चार ते सहा या वयात. सगळ्यात छोटं असलेलं आठवं हाड यायला तर आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं.

आणि नेमक्या याच मनगटाकडून आपण जूनमध्ये दुरेघी वहीत ‘अ’ गिरवून घ्यायला बसतो.

भिवंडीत धामणकर नाक्यावर, रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत शाळेत पोचणाऱ्या नव्या बालवाडीताईला पहिल्या पंधरवड्यातच एक प्रश्न ऐकावा लागतो. “टीचर, लिखना कब सिखाओगे?” विचारणारी आई रागावलेली नसते, काळजीत असते. घरातला माणूस यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतो, फीचे पैसे बाजूला काढताना ओढाताण होते आणि पोरगं घरी येऊन सांगतं की आज आम्ही मातीचा साप केला. वहीत काही नाही. ज्यांना स्वतःला शाळा धड मिळाली नाही, त्यांना वहीतलं अक्षर हाच शाळेचा पुरावा वाटणार. त्यात त्यांची चूक नाही. पण ताईनं इथे डगमगू नये असं मला फार वाटतं, कारण मातीचा साप वळताना जे होतं ते गिरवताना होत नाही. खांदा, कोपर, तळवा, बोटं या क्रमानं हाताचा ताबा मुलाकडे येत जातो. आधी अख्खी मूठ, मग तीन बोटं, मग चिमटी. कणीक मळणं, ओलं फडकं पिळणं, वालाचे दाणे चिमटीनं उचलून वाटीत टाकणं ही लिहिण्याआधीची कामं नव्हेत. लिहिणं तिथेच सुरू झालेलं असतं. भिवंडीसारख्या गावात तर यासाठी सामान विकत आणायलाही नको. रिकाम्या कांड्या दोऱ्यात ओवायला, रंगीत चिंध्या जुळवायला, ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या एकावर एक रचायला. कारखान्यात विचारलं तर पिशवी भरून मिळेल.

हे गाव समजून घेतल्याशिवाय इथली बालवाडी समजत नाही. नाक्याजवळ पद्मानगर, तिथे तेलंगणातून आलेली विणकर पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. उर्दू बोलणारे मोहल्ले आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांच्या खोल्या आहेत, कामतघरकडे आगरी बोली आहे. एका सतरंजीवर वीस मुलं बसली तर चार-पाच घरभाषा एकत्र बसलेल्या असतात. त्यातलं एखादं मूल पहिले कित्येक आठवडे तोंडातून अक्षर काढत नाही. बोलावलं तर येतं, डबा खातं, खेळात मागे मागे फिरतं, पण बोलत नाही. नव्या ताईच्या पोटात गोळा येतो. मुलाला ऐकू येत नसेल का? मतिमंद असेल का? की आपल्यालाच घाबरतंय?

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. नव्या भाषेत जाऊन पडलेली लहान मुलं अशी गप्प बसतात, आणि त्या काळात ती जेवढं ऐकतात तेवढं क्वचितच पुढे कधी ऐकत असतील. 1978 साली सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट या दोन संशोधक बाईंनी तीन-चार वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांना माहीत नसलेला एक शब्द घेतला आणि सहज बोलता बोलता सांगितलं की ती निळी ट्रे नको, ती दुसरी, ‘क्रोमियम’ ट्रे आण. शब्दाचा अर्थ सांगितला नाही, पाठ करून घेतला नाही. तरी काही दिवसांनी त्यातल्या बऱ्याच मुलांच्या मनात त्या शब्दाची काहीतरी खूण उरली होती. हे रंगाचं नाव आहे एवढं तरी त्यांनी धरून ठेवलं होतं. एकदाच, तेही कामाच्या ओघात ऐकून! म्हणजे ताई “ती चटई नको, सतरंजी आण” म्हणते तेव्हा पद्मानगरचं ते गप्प पोर निव्वळ सतरंजी आणत नसतं. म्हणून त्याला बोलतं करायचा आटापिटा करू नये, त्याच्याशी बोलत मात्र राहावं. हातवारे करत, वस्तू दाखवत, तीच गाणी रोज म्हणत. आणि मग एके दिवशी, बहुधा ताईचं लक्ष भलतीकडे असताना, ते मूल अख्खं बडबडगीत हावभावांसकट म्हणून दाखवतं. हा क्षण ज्यांनी अनुभवला त्या ताईंना त्याबद्दल विचारावं. पगाराबद्दल बोलताना त्यांचा आवाज इतका खुलत नाही.

आवाजावरून आठवलं. यंत्रमागाची खडखड माहीत नसलेल्याला ती सांगून कळायची नाही. धोटा इकडून तिकडे आपटत राहतो, आणि भिंतीपलीकडे असे माग ओळीनं चालू असतील तर वर्गात त्याचा ठोका अखंड असतो. त्यावर रिक्षांचे हॉर्न. मोठी माणसं अशा गोंगाटातही बोलणं समजून घेतात, कारण निम्मं ऐकू आलं की उरलेलं ती मनानं भरतात. तीन-चार वर्षांच्या मुलाकडे भरायला तेवढे शब्दच नसतात. त्यामुळे तेवढंच बोलणं कळायला त्याला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त शांतता लागते. न्यूयॉर्कमध्ये रेल्वेच्या उन्नत मार्गाला लागून एक शाळा होती. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975 साली सहकाऱ्यासह दाखवून दिलं की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारं अस्तर लावलं, आणि 1981 च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. मुलं तशीच, अभ्यास तोच, बदलला तो आवाज. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसलेल्या किती मुलांना नुसतं नीट ऐकूच येत नसेल!

नव्या ताईचा पहिल्या महिन्यात घसा बसतो तो यामुळेच. ती खडखडीच्या वर आवाज चढवते, मुलं तिच्या वर चढवतात. अनुभवी ताई उलट करते. खुर्ची सोडून सतरंजीवर बसते, मुलांना अर्धगोलात जवळ घेते, आपला चेहरा उजेडाकडे ठेवते म्हणजे ओठ दिसतात, रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदा लावते. कापडाच्या गावात पडद्याला काय तोटा!

जूनमधल्या रडण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. “आई पाच मिनिटांत येते” हे वाक्य त्या वयात निरुपयोगी असतं. मिनिट म्हणजे किती हे मुलाला कळत नाही, आणि आई पाच मिनिटांत येतही नाही. त्याला कळतो तो क्रम. आधी गाणं, मग डबा, मग गोष्ट, मग आई. हा क्रम रोज तोच राहिला की आठ-दहा दिवसांत मूल त्याच्यावर विसंबायला लागतं. डबा संपला की दाराकडे बघतं, पण रडत नाही.

खरी मौज चार वर्षांच्या आसपास घडते. बिस्किटाचा डबा घ्या, आत सुईदोरा ठेवा. प्रत्येक घरात असा एक डबा असतोच. मुलाला विचारा, आत काय? ते म्हणतं, बिस्किटं. उघडून दाखवा. मग पुन्हा झाकण लावून विचारा की बाहेर उभी असलेली तुझी मैत्रीण हा डबा बघून काय म्हणेल? तीन वर्षांचं मूल बेधडक सांगतं, सुईदोरा! आपल्याला जे ठाऊक झालं ते जगाला ठाऊक झालं, असा त्याचा हिशेब. साडेचार-पाचचं मूल गालात हसून म्हणतं, बिस्किटं. या दोन उत्तरांमध्ये केवढी मजल आहे! दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं जग असतं, ते चुकीचंही असू शकतं, हे मुलाला उमगलेलं असतं. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी 1983 मध्ये अशा प्रयोगांची सुरुवात केली आणि तेव्हापासून ते जगभर होत आहेत. याचीच दुसरी बाजू म्हणजे मूल याच सुमाराला सफाईनं खोटं बोलायला लागतं. “टीचर, मैंने नहीं तोडा.” हातात खडूचा तुकडा तसाच. नवी ताई हबकते, संस्कारांची काळजी करते. खडू मोडल्याचं समजावून सांगावं, जरूर सांगावं. पण आज या मुलाला आपलं मन आणि टीचरचं मन वेगळं असतं हे कळलंय, याचा आनंदही मनात असू द्यावा.

आणखी एक गोष्ट प्रत्येक नव्या ताईला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी. एकाला एक बिस्किट, दुसऱ्याला एक, आणि दुसऱ्याचं मोडून दोन तुकडे केले की पहिलं मूल भोकाड पसरतं, त्याला दोन! झां पियाजे यांनी यावरून मांडलं की सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना मांडणी बदलली तरी प्रमाण तेच राहतं हे उमजत नाही. दोन सारख्या ओळींत बटणं मांडा, सारखी आहेत असं मुलाकडून वदवून घ्या, मग एक ओळ पसरवून पुन्हा विचारा, आता जास्त कुठे? मूल पसरलेली ओळ दाखवतं. पण 1974 च्या सुमारास मॅक्गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग केला, फक्त ओळ मोठ्या माणसानं पसरवली नाही, एका खोडकर टेडी अस्वलानं विस्कटली. आणि पुष्कळ जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं! कारण टीचर मुद्दाम काहीतरी करते आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारते, म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार, असं मूल ताडतं. ते प्रश्नाचं नव्हे, आपल्या चेहऱ्याचं उत्तर देत असतं. वर्गात “नक्की?” असं विचारल्यावर बरोबर उत्तर बदलणारी मुलं यामुळे असतात. ‘याला येत नाही’ असं ठरवण्याआधी आपण कसं विचारलं ते तपासावं.

हे सगळं एकट्या ताईनं शोधून काढायचं नाही. ही वाट तिच्याच जुन्या जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, आधी पाडली गेलेली आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला. तोवर बोर्डी आणि कोसबाड भिवंडीच्याच ठाणे जिल्ह्यात होते. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र काढलं. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या त्या प्राचार्य राहिलेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, 1926 च्या नूतन बाल शिक्षण संघाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताई 1910 च्या, म्हणजे तेव्हा पस्तिशीच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, पुढे शिकून पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका. शिकवण्याचा अनुभव दांडगा, पण खेड्यातल्या इवल्या पोरांमध्ये त्या नवख्याच होत्या. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं इथून सुरुवात. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजलं. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू झाली आणि अंगणात नेलेली ती बालवाडी ‘अंगणवाडी’ म्हणून पुढे देशभर गेली.

मोठ्या शहराच्या गोंगाटात, भाड्याच्या एका खोलीत, पाच भाषांची पोरं सांभाळणारी ताई ही त्याच परंपरेतली आहे. अंगणवाडीतल्या ताईकडून तर आज शिकवण्याबरोबर वजन-उंची, आहाराचं वाटप, लसीकरण आणि मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरच्या नोंदी यांचीही अपेक्षा असते. बालशिक्षणाविषयीच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणानं तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक शिक्षिका असावी असं म्हटलं. ती संख्या पाळली जावी म्हणून पालकांनी आवाज उठवावा. ‘कब लिखेगा’ विचारण्यापेक्षा ‘वर्गात किती मुलं आहेत’ हे विचारणं त्यांच्या लेकराच्या जास्त कामाचं आहे.

आणि ताईंनी सुट्टीत एकदा कोसबाडला जाऊन यावं. भिवंडी रोड स्टेशनातून वसईची गाडी, वसई रोडला उतरून डहाणूची लोकल, डहाणू रोडहून पुढे टेकडी. सोबत एखादी रिकामी पिशवी असू द्यावी. वाटेतल्या बिया आणि शिंपले जूनमध्ये वर्गात लागतील.