पेसमेकर आणि सहा मेगाव्होल्ट

जगात पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला तो ऑक्टोबर १९५८ मध्ये, स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात, आर्ने लार्सन यांना. तो काही तासांतच बंद पडला. पुढे एकूण २६ पेसमेकर वापरून लार्सन ८६ वर्षं जगले आणि २००१ मध्ये गेले ते कर्करोगाने. हृदय सावरलं की माणूस कर्करोगाच्या वयात पोचतो. मग छातीत पेसमेकर घेऊनच त्याला किरणोपचाराच्या टेबलावर झोपावं लागतं.

जुने पेसमेकर त्या मानाने दणकट होते. सत्तरच्या दशकापासून सीमॉस चिप आल्या, पेसमेकर लहान झाला, बॅटरी टिकू लागली, पण किरणांपुढे तो हळवा झाला.

रुग्णाला धास्ती असते ती किरणांचा झोत थेट पेसमेकरवर पडेल याची. ते टाळणं नियोजनात जमतं. खरा खोडकर न्यूट्रॉन. लिनॅक हे किरणोपचाराचं यंत्र १५ किंवा १८ मेगाव्होल्टवर चालवलं की त्याच्या डोक्यातल्या टंगस्टन, शिशासारख्या जड धातूंतून न्यूट्रॉन सुटतात आणि खोलीभर पसरतात. गाठ प्रोस्टेटची असली तरी ते छातीपर्यंत येतात. शिशाचा पडदा त्यांना अडवत नाही. चिपमधल्या बोरॉनने न्यूट्रॉन गिळला की तिथेच अल्फा कण सुटतो आणि मेमरीतल्या एखाद्या शून्याचा एक होतो. कधी त्याने यंत्र रिसेट होऊन राखीव पद्धतीवर जातं. ठोके बहुधा चालूच राहतात, पण डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी बसवलेली घडी मोडते. म्हणून जमेल तिथे सहा मेगाव्होल्टच निवडतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या भाभाट्रॉनसारख्या कोबाल्ट यंत्रात तर हा प्रश्नच येत नाही. त्याच्या गॅमा किरणांत न्यूट्रॉन उडवण्याइतकी ताकद नसते.

उरतो डोसचा हिशेब, तो मोजतात ग्रे या एककात. अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये पेसमेकरसाठी दोन ग्रेची मर्यादा सुचवली. २०१७ च्या हृदयतज्ज्ञांच्या सहमतीनुसार, एकूण डोस पाच ग्रेच्या वर जाणार असेल तरच यंत्र दुसरीकडे हलवण्याचा विचार करावा. डाव्या स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या गाठीत ही वेळ येऊ शकते, कारण पेसमेकर बहुधा डाव्या कॉलरबोनखालीच असतो.

उपचारावेळी कधी यंत्रावर लोहचुंबक ठेवतात, त्याबद्दल गैरसमज फार. पेसमेकरवर ठेवला तर तो सहसा ठरावीक गतीने ठोके देत राहतो. झटका देणाऱ्या आयसीडीवर ठेवला तर फक्त झटका थांबतो, ठोके देण्याचं काम तसंच चालतं. ठरावीक गतीचा आधार तिथे मिळत नाही, म्हणूनच हृदय ठोक्यांसाठी पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे का, हे आधी विचारायला हवं. रुग्णाने पेसमेकरचं कार्ड पहिल्याच भेटीला न्यावं. उपचारापूर्वी आणि शेवटी यंत्र तपासून घेतात. जास्त ऊर्जा वापरावीच लागली, तर दर आठवड्याला.