नदीच्या श्वासाचा जमाखर्च

उज्जैनला महाकालेश्वराच्या दर्शनाला गेलेला गोमंतकीय भाविक रामघाटावर क्षिप्रेचे पाणी मस्तकी लावल्याशिवाय सहसा परतत नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हापासून मराठी माणसाचे या नगरीशी नाते आहे. २०२८ मध्ये तेथे पुन्हा सिंहस्थ भरेल. त्या वेळी घाटावरचे पाणी स्नानास योग्य असेल का? प्रश्न जीवशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर काढण्याची रीत स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवली जाते.

उज्जैनचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६६ चे, तर आपले फर्मागुढीचे १९६७ चे. पूल आणि इमारती शिकण्यासाठी आलेल्या स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याची सूक्ष्मजीवांशी पहिली गाठ पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पडते. सांडपाण्याचा थोडा अंश स्वच्छ, प्राणवायुयुक्त पाण्यात मिसळून बाटली काठोकाठ भरायची, विरघळलेला प्राणवायू मोजायचा आणि बाटली बंद करून २७ अंश तापमानात तीन दिवस अंधारात ठेवायची. अंधार यासाठी, की शेवाळाने उजेडात नवा प्राणवायू तयार करू नये. तीन दिवसांनी पुन्हा मोजल्यावर जी तूट दिसते, तितका प्राणवायू जिवाणूंनी घाण पचवताना वापरलेला असतो. हीच ‘बीओडी’, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी. जिवाणू दिसत नाहीत, पण त्यांनी केलेला खर्च असा मोजता येतो.

पुढचे पाऊल अभियंत्याचे आहे. टाकीत आलेले पाणी वजा गेलेले पाणी म्हणजे शिल्लक, हा हिशेब त्याला ठाऊक असतो. तोच नदीतील प्राणवायूला लावायचा. हवेतून पाण्यात मिसळतो तो जमा, जिवाणू वापरतात तो खर्च. अमेरिकेतील स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये हा हिशेब समीकरणात मांडला. त्यातून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. नाला जेथे नदीला मिळतो, तेथे प्राणवायू सर्वांत कमी नसतो. जिवाणूंना घाण पचवायला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे वाहत जाते. म्हणून सर्वांत वाईट जागा खालच्या अंगाला असते. इंदूरमधून येणारी कान्ह नदी उज्जैनजवळ त्रिवेणी येथे क्षिप्रेला मिळते आणि रामघाट तिच्या खालच्या अंगाला आहे. हे ध्यानी घेतले म्हणजे या निष्कर्षाचे महत्त्व कळते.

आता आकडे पाहू. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याची प्राणवायू मागणी साधारण ५० ग्रॅम धरू. तीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात प्रतिलिटर सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. स्नानयोग्य पाण्यात निदान ५ मिलिग्रॅम उरला पाहिजे, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. म्हणजे खर्चायला उरले २.५ मिलिग्रॅम. भागाकार केला तर एका माणसाचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोसायला रोज २० हजार लिटर ताजे पाणी लागते. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणण्यात आले. तो प्रवाह सेकंदाला ५ घनमीटर धरला, तरी हवेतून नव्याने मिळणारा प्राणवायू वगळता, तो जेमतेम २१ ते २२ हजार माणसांना पुरेल. २०११ च्या जनगणनेनुसार उज्जैनची वस्ती पाच लाखांहून अधिक आहे. केवळ बाहेरचे पाणी ओतून नदी शुद्ध होणार नाही. सांडपाण्यावर आधीच प्रक्रिया झाली पाहिजे.

उन्हाळा हा हिशेब आणखी बिघडवतो, आणि उज्जैनचा सिंहस्थ उन्हाळ्यातच येतो. २०१६ चा एप्रिल-मे महिन्यांत भरला होता. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की जिवाणूंचा वेग दीडपटीहून अधिक होतो, पण पाण्यात मावणारा प्राणवायू ९.१ वरून ७.६ मिलिग्रॅमवर उतरतो. त्यात बंधाऱ्यांनी पाणी संथ झाले, तर हवेतून होणारी जमाही मंदावते.

मात्र जीवसृष्टी यंत्रासारखी वागत नाही, हेही विद्यार्थ्याला याच प्रयोगात कळते. कारखान्याचे विषारी पाणी मिसळले असेल, तर बाटलीतील जिवाणू मरतात आणि बीओडी कमी भरते. आकडा स्वच्छ दिसतो, पाणी मात्र घातक असते. प्राणवायू पुरेसा असूनही विष्ठेतील रोगजंतू असू शकतात. म्हणून स्नानाच्या निकषात कॉलिफॉर्म जिवाणूंची मोजणी वेगळी असते आणि १०० मिलिलिटरमागे २,५०० ही तिची कमाल मर्यादा आहे. शेवाळलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर आणि पहाटे अत्यल्प, असेही घडते. म्हणून नमुना कुठे आणि केव्हा घेतला, हे ठाऊक नसेल तर नुसता आकडा पुरेसा नाही.

गोव्यात हाच हिशेब अधिक अवघड होतो. मांडवी आणि साळ या नद्यांत भरती-ओहोटीमुळे पाणी दिवसातून दोनदा मागे लोटले जाते. घाण एकदाच खाली वाहून जात नाही, ती पुन्हा वर येते. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी मावतो. ओहायोचे समीकरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही, त्यात भरतीची नोंद घालावी लागते. जमा आणि खर्च मांडण्याची मूळ रीत मात्र तीच राहते, मग नदी क्षिप्रा असो वा साळ. २०२८ मध्ये क्षिप्रेत उतरणाऱ्याने किंवा आपल्या गावच्या नदीची काळजी वाहणाऱ्याने दोन गोष्टी विचाराव्यात: किती सांडपाणी प्रक्रियेविना नदीत येते आणि पहाटेच्या वेळी पाण्यात प्राणवायू किती असतो.