घराआधी रस्ता : बांधकामासाठी कमी खर्चाचा कच्चा रस्ता

घर बांधायला काढले की आपण पाया, कॉलम, स्लॅब, प्लास्टर यांचा पैशापैशाचा हिशेब मांडतो. परंतु हे सारे साहित्य प्लॉटपर्यंत पोहोचणार कसे, हा प्रश्न बहुधा ट्रक रुतल्यावरच सुचतो. बँकेत गृहकर्जाची अनेक अंदाजपत्रके माझ्या टेबलावरून जातात. त्यांत रस्त्याची ओळ क्वचितच दिसते. माझ्या स्वतःच्या अंदाजपत्रकातही ती नव्हती.

गोष्ट २०१६ सालची. दोन वर्षांच्या दुष्काळानंतर मराठवाड्यात त्या वर्षी पाऊस चांगला झाला. आमचा प्लॉट गावाबाहेरच्या काळ्या रानात, डांबरी रस्त्यापासून २०० फूट आत. जुलैत सिमेंटच्या २०० गोण्या घेऊन आलेला ट्रक अर्ध्या वाटेत रुतला. गोण्या भर पावसात उतरवाव्या लागल्या. ताडपत्री येईपर्यंत पंचवीस-तीस गोण्या भिजल्या आणि त्यांचे दगड झाले. पुढे विटांचा ट्रकवाला आत यायला तयार होईना. ३,००० विटा डांबरी रस्त्याकडेला उतरल्या आणि मजूर बायांनी त्या डोक्यावरून वाहिल्या. एका खेपेला १० विटा, म्हणजे सुमारे ३० किलो. खेपा ३००, प्रत्येक खेप जाऊन-येऊन ४०० फुटांची. एकूण ३६ किलोमीटर चालणे झाले, त्यातले निम्मे डोक्यावर ओझे घेऊन, चिखलातून. मजुरी मी दिली. पण माझ्या अज्ञानाचा भार त्यांनी वाहिला, ही टोचणी आजही आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

काळी माती का दगा देते?

काळ्या मातीतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व ती दगडासारखी टणक वाटते. तीच माती पावसात लोण्यासारखी होते. दोन आसांच्या मालट्रकला २०१८ पासून भरलेल्या गाडीसह १८.५ टनांपर्यंत वजनाची परवानगी आहे. एवढा भार ओली काळी माती पेलत नाही. नुसता मुरूम पसरला तर चाकाखाली तो चिखलात उतरतो आणि चिखल वर येतो. तेव्हा रस्ता टिकवायचा म्हणजे दोन गोष्टी करायच्या : पाणी दूर ठेवायचे आणि भार रुंद पसरवायचा.

रस्ता कसा करावा?

१) काम उन्हाळ्यात, पाया खोदण्याआधी करावे. रुंदी १० फूट पुरते. डांबरी रस्त्यावरून वळण्याच्या जागी ती १५ फूट ठेवावी. कॉलमच्या खड्ड्यांच्या काठापासून रस्ता पाच-सहा फूट तरी दूर असावा. नाहीतर गाडीच्या वजनाने कड ढासळते.

२) गवत, मुळ्या व वरची भुसभुशीत माती काढावी, पण खोल खोदू नये. खोदलेल्या चरात मुरूम भरला की त्याचा हौद होतो. रस्ता जमिनीपेक्षा उंच असला पाहिजे.

३) दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट खोल नाली काढून उताराकडे सोडावी. रस्त्याकडेची गटार ओलांडताना सिमेंटचा पाइप टाकावा व त्यावर किमान फूटभर भराव द्यावा. गटार बुजवून रस्ता केला तर पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते.

४) तळाशी ६ इंच डबराचे सोलिंग करावे. पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा मिळाल्यास खर्च बराच वाचतो. मात्र त्यातील सळया, खिळे व काचा वेचून काढाव्यात.

५) त्यावर दाबून ४ इंच भरेल इतका मुरूम टाकावा. ओला करून हातावर चोळला असता तो खरखरीत लागला पाहिजे. बोटांना चिखलासारखा चिकटला तर त्यात माती जास्त आहे असे समजावे.

६) पाणी मारून रोलर फिरवावा. रोलर परवडत नसेल तर भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुनःपुन्हा, दर वेळी चाक थोडे सरकवून न्यावी. मध्यभाग कडांपेक्षा अडीच इंच उंच ठेवावा, म्हणजे पाणी रस्त्यावर थांबत नाही.

हिशेब

ब्रास म्हणजे १०० घनफूट. १०० फूट लांब व १० फूट रुंद रस्त्याला ६ इंच सोलिंगसाठी ५ ब्रास डबर लागतो. ४ इंचांचे ३३३ घनफूट होतात. परंतु मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून सव्वाचार ब्रास मागवावा. दर गावागणिक वेगळे असतात. त्या खर्चाशेजारी डोक्यावरून वाहण्याची मजुरी, खोळंबलेल्या गाडीचे भाडे आणि भिजलेले सिमेंट मांडून पाहावे. मुरूम घेताना रॉयल्टीची पावती मागावी. चोरट्या मुरूमाचा दंड महागात पडतो.

जवळपास आणखी तीन घरे होणार असतील तर चौघांनी मिळून रस्ता करावा. खर्च चौथाईवर येतो. मंजूर ले-आउटच्या नकाशातील रस्त्याच्याच रेषेत तो आखावा. दुसऱ्याच्या प्लॉटमधून जावे लागत असेल तर कितीही घरोबा असो, परवानगी लेखी घ्यावी.

पहिल्या पावसानंतर चाकोऱ्या पडतातच. त्या लगेच मुरूमाने भराव्यात. घर पूर्ण झाल्यावर हा रस्ता उकरून टाकू नये. पुढे पक्का रस्ता होईल तेव्हा हाच थर त्याचा पाया होऊ शकतो. मात्र घराचे जोते ठरवताना उद्याच्या रस्त्याची उंची ध्यानात घ्यावी, नाहीतर पावसाचे पाणी घरात शिरते.

आपल्यापैकी अनेकांचे घर म्हणजे आयुष्याची पुंजी आणि वर वीस वर्षांचे हप्ते. म्हणून बंधु-भगिनींनो, अंदाजपत्रकाची पहिली ओळ रस्त्याची लिहा. पैसा वाचेल, आणि कुणाच्या तरी डोक्यावरचे ओझेही कमी होईल.